बूस्टर सीट कधी सोडायची? एक मुलगी, तीन गाड्या

पार्श्वभूमी

मुलीला इथे रेवा म्हणू. नाव बदललं आहे आणि कुटुंब ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत. तिची उंची, गाड्यांची रचना आणि निर्णय कोणत्या क्रमाने झाले हे मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे. गाडीत मुलांना सुरक्षित कसं बसवायचं याचा सल्ला देण्याचं काम मी करते. त्यात सगळ्यात जास्त चुकीचे निर्णय बूस्टर, म्हणजे मुलाला गाडीच्या सीटवर उंच बसवणारी जादा बैठक, सोडण्याच्या टप्प्यावर होताना दिसतात. तान्ह्या बाळाच्या सीटबद्दल आईवडील दहा जणांना विचारतात, पण बूस्टर एखाद्या दिवशी सहज डिकीत जातं आणि तिथेच राहतं.

रेवा साडेनऊ वर्षांची, उंची १४१ सेंटीमीटर, अंगाने सडपातळ. घरात पाच वर्षांचा धाकटा भाऊ. ती चार वर्षं पाठ असलेल्या उंच बूस्टरवर बसत होती. भाऊ मोठा झाल्यावर ते त्याच्याकडे गेलं आणि तिला नुसती बैठक असलेलं, बिनपाठीचं बूस्टर मिळालं. तिचा नेहमीचा प्रवास तीन गाड्यांतून व्हायचा: घरची छोटी हॅचबॅक, आजोबांची जुनी लांबलचक सेडान आणि मैत्रिणीच्या आईची मोठी गाडी. या तिसऱ्या गाडीतून तीन मुली एकत्र सरावाला जायच्या.

अडचण

बाबांचं म्हणणं होतं, आता पुरे. ते राहतात तिथला कायदा १३५ सेंटीमीटरनंतर बूस्टर मागत नाही आणि रेवाने ती रेघ कधीच ओलांडली होती. आईला ते पटत नव्हतं, पण का पटत नाही हे तिला शब्दांत मांडता येत नव्हतं. तिने एवढंच पाहिलं होतं की आजोबांच्या गाडीतून उतरल्यावर रेवाच्या मानेवर पट्ट्याचा लाल वळ असतो. रेवाचं दुखणं तिसरंच. मैत्रिणीच्या गाडीत बाकी दोघी बूस्टरशिवाय बसायच्या. त्यातली एक वर्षाने लहान होती आणि तीच याला ‘बाळाची खुर्ची’ म्हणाली होती. त्या दिवसापासून सरावाला निघताना रोज भांडण. धाकटा हे सगळं ऐकत होताच. “ताई नाही बसणार, तर मी पण नाही,” हे त्याने आधीच जाहीर केलं होतं.

आई माझ्याकडे आली तेव्हा तिचा प्रश्न अगदी सरळ होता: “नक्की किती उंची झाली की सोडायचं? एक आकडा सांगा, म्हणजे घरातला वाद मिटेल.”

आकडे आहेत, पण एक नाही. ब्रिटनमध्ये १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. जर्मनीत वयाची अट तीच, पण उंचीची मर्यादा १५० सेंटीमीटर. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ ४ फूट ९ इंच, म्हणजे साधारण १४५ सेंटीमीटर सांगतात आणि बहुतेक मुलं ८ ते १२ वर्षांच्या दरम्यान तिथे पोहोचतात असं म्हणतात. देश बदलला म्हणून मुलाचं शरीर बदलत नाही. हे आकडे म्हणजे कुठेतरी रेघ ओढावीच लागते म्हणून ओढलेल्या रेघा आहेत. कायद्याने बूस्टर सोडता येतं याचा अर्थ पट्टा बरोबर बसतो असा होत नाही. मी आईला आकडा दिला नाही. तिन्ही गाड्या आणि रेवा एकत्र बघायला मागितल्या.

पट्टा कुठे बसायला हवा

बाबांना आधी कारण हवं होतं आणि ते योग्यच होतं. तीन बिंदूंचा सीट बेल्ट नील्स बोलिन यांनी १९५९ साली व्होल्वोसाठी तयार केला, तो मोठ्या माणसाच्या शरीरासाठी. धडकेचा जोर शरीराच्या टणक हाडांवर घ्यायचा, हे त्याचं सगळं तत्त्व. खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि वरचा गळपट्टीच्या हाडावरून छातीच्या पिंजऱ्यावर. लहान मुलाच्या कमरेच्या हाडाचा पुढचा कंगोरा अजून पुरेसा वर आलेला नसतो, त्यामुळे पट्ट्याला अडकायला जागा कमी मिळते. पट्टा थोडा जरी वर बसला तरी धडकेच्या वेळी तो हाडावरून निसटून पोटात शिरतो आणि शरीर त्याच्याखालून पुढे घसरतं. मग आतड्यांना आणि कण्याच्या खालच्या मणक्यांना इजा होते. डॉक्टरांना हा दुखापतींचा संच इतका ओळखीचा आहे की त्याला ‘सीट बेल्ट सिंड्रोम’ असं नावच पडलं आहे.

बूस्टर याहून अवघड काही करत नाही. मुलाला उचलतं, म्हणजे खांद्याचा पट्टा मानेवरून खांद्यावर येतो आणि कमरेचा पट्टा पोटावरून मांडीच्या मुळाशी उतरतो. आणि बैठक आखूड करतं, ही गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीच्या मागच्या सीटची बैठक मोठ्यांच्या मांडीच्या लांबीची असते. मुलाची मांडी तेवढी लांब नसेल तर गुडघे काठावर वळत नाहीत, पाय समोर ताठ राहतात. ते टोचतं, म्हणून मूल आपोआप पुढे सरकतं, पाठ गोल होते आणि पट्टा पोटावर चढतो.

बाबा म्हणाले, “सरळ बस म्हटलं की बसते ती.” मी त्यांना घरातल्या दिवाणावर भिंतीला पाठ टेकून, पाय पुढे पसरून बसायला सांगितलं आणि आमचं बोलणं चालू ठेवलं. बोलता बोलता ते स्वतःच घसरून अर्धे आडवे झाले. त्यानंतर शिस्तीचा मुद्दा निघाला नाही.

२००९ साली ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ४ ते ८ वर्षांच्या मुलांमध्ये नुसत्या सीट बेल्टपेक्षा बूस्टरवर इजा होण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी कमी आढळली. रेवा त्या वयोगटाबाहेर होती, म्हणून हा आकडा तिच्यासाठी जसाच्या तसा लावता येणार नाही, हेही मी त्यांना सांगितलं. तिच्यासाठी पुरावा तिच्याच अंगावर शोधायचा होता.

तिन्ही गाड्यांत बसवून पाहिलं

बूस्टरशिवाय मूल बसवायचं आणि पाच गोष्टी बघायच्या. पाठ आणि ढुंगण सीटच्या पाठीला पूर्ण टेकतात का. तसं टेकलेलं असताना गुडघे काठावर सहज वळतात का. कमरेचा पट्टा पोटाखाली, मांड्यांच्या वरच्या भागाला लागून बसतो का. खांद्याचा पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध येतो का. आणि संपूर्ण प्रवासभर मूल असंच बसू शकतं का. पाचही उत्तरं ‘हो’ आली तरच त्या गाडीत बूस्टर नको. एकही ‘नाही’ आलं तर हवं.

घरच्या हॅचबॅकची बैठक आखूड निघाली. रेवाचे गुडघे नीट वळले, पट्टा खांद्याच्या मध्यावर आला, खालचा पट्टाही जागेवर. बाबांचा चेहरा खुलला. चार गोष्टी जमल्या होत्या. पाचवी अंगणात उभ्या गाडीत तपासताच येत नाही.

आजोबांच्या सेडानमध्ये चित्र उलटं होतं. बैठक खोल, मऊ आणि मागे उतरती. पाठ टेकली तर गुडघे काठाच्या अलीकडेच राहत, गुडघे वळवले तर पाठ सुटत होती. पट्टा थेट मानेला घासत होता. लाल वळ कुठून येतो ते कळलं. एकच मुलगी, एकच उंची, तोच दिवस आणि दोन गाड्यांत दोन वेगळी उत्तरं. ‘मूल तयार आहे का’ हा प्रश्न अर्धवट का आहे, हे त्या दोघांना तिथे उभ्या उभ्या दिसलं. तयार आहे की नाही हे मूल, बैठक आणि पट्टा या तिघांचं मिळून ठरतं. रेवाच्याच उंचीची तिची मावसबहीण त्या सेडानमध्ये बरी बसते, कारण तिचे पाय लांब आहेत. रेवाची उंची धडात जास्त आहे.

तिसऱ्या गाडीची बैठक ठीक होती, पण रेवा बसायची मधल्या जागी आणि तिथे फक्त कमरेचा पट्टा होता. अशा जागी बूस्टर वापरायचंच नाही, कारण वरचं शरीर धरायला काही नसतं आणि बूस्टरमुळे ते आणखी उंचावर जातं. म्हणजे रोज भांडण करून जे बूस्टर तिथे नेलं जात होतं, ते त्या जागी चुकीचंच होतं.

कोणते पर्याय होते

सगळीकडे बूस्टर बंद करणं हा पर्याय सेडान पाहिल्यावर बाबांनीच बाजूला ठेवला. पट्टा खाली ओढून धरणारी क्लिप घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. गाडीच्या किंवा बूस्टरच्या उत्पादकाने न दिलेली अशी वस्तू मी सुचवत नाही. खांद्याचा पट्टा खाली ओढताना ती बऱ्याचदा कमरेचा पट्टा पोटावर ओढते. पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून घेणं तर त्याहून वाईट. मानेला टोचतो म्हणून मुलं नेमकं हेच करतात आणि पट्टा टोचणं ही त्याची पूर्वसूचना असते. रेवाने पुढच्या सीटवर बसायचं सुचवलं. १३ वर्षांखालच्या मुलांची जागा मागेच. पुढची एअरबॅग मोठ्यांच्या अंगाचा हिशोब धरून फुगते.

मग दोन खरे पर्याय उरले: १४५ किंवा १५० सेंटीमीटर होईपर्यंत सगळीकडे बूस्टर, किंवा प्रत्येक गाडीचा वेगळा निर्णय. पहिला पर्याय सोपा आणि सुरक्षित. पण मुलीला तो शिक्षेसारखा वाटत होता आणि मनाविरुद्ध बसलेलं मूल मोठ्यांची पाठ फिरली की पट्टा काढतं. आईचा कल तरीही त्याच बाजूला होता. माझा दुसऱ्या बाजूला, एका अटीवर: निर्णय गाडीगणिक बदलू दे, फेरीगणिक नको.

ती अट नेमकी कुठे लागली

खरा पेच घरच्या गाडीचा होता. चार गोष्टी जमत होत्या. बाबांचा प्रस्ताव वाजवी होता: जवळच्या फेऱ्यांना बूस्टर नको, लांबच्या प्रवासाला घ्यायचं. तांत्रिकदृष्ट्या यात चूक काढणं कठीण आहे, कारण दहा मिनिटं रेवा नीट बसू शकते.

तरी मी नको म्हटलं. लांबचा प्रवास कशाला म्हणायचं हे दर वेळी दारात उभं राहून ठरवावं लागलं असतं, आणि घाईत असलेला मोठा माणूस नेहमी सोयीचं उत्तर देतो. शिवाय मूल जवळच्या फेरीतही झोपतं. खेळून दमलेलं असेल तर जास्तच. पाचवी गोष्ट सोडून देण्यासारखी वाटते, पण पहिल्या चार गोष्टी गाडी सुटताना खऱ्या असतात आणि अपघात गाडी सुटताना होत नाही.

म्हणून आधी पाहायचं ठरलं. सुट्टीतल्या एका मोठ्या प्रवासात रेवा घरच्या गाडीत बूस्टरवरच बसली आणि आई शेजारी बसून लक्ष ठेवत होती. रेवा झोपल्यावर कुठे कलते, पट्टा कुठे जातो, जागी असताना पुस्तकासाठी किती वेळा पुढे वाकते. ती झोपेत खिडकीकडे कलंडत होती आणि पट्टा खांद्यावरून दंडावर उतरत होता. बूस्टरवर जर हे होत होतं, तर बूस्टरशिवाय याहून बरं काही होणार नव्हतं. घरच्या गाडीतही बूस्टर राहिलं.

काय केलं

मैत्रिणीच्या गाडीचा प्रश्न सगळ्यात तातडीचा होता आणि सुटलाही सगळ्यात लवकर. आईने त्या मुलीच्या आईला फोन करून मधल्या पट्ट्याबद्दल सांगितलं. यात टीका नव्हती, माहिती होती. त्या बाईंना मधल्या जागी वरचा पट्टा नाही हे ठाऊक होतं, त्याने काय फरक पडतो ते नव्हतं. गाडीला मागे आणखी एक रांग होती आणि तिथल्या दोन्ही जागांना तीन बिंदूंचे पट्टे होते. मधली जागा रिकामी ठेवून रेवा मागच्या रांगेत बूस्टरवर बसू लागली. पुढे त्या बाईंनी स्वतःच्या मुलीलाही त्याच पाच कसोट्या लावून पाहिल्या आणि तिचं बूस्टर पुन्हा बाहेर काढलं. ‘बाळाची खुर्ची’ म्हणणारी तीच.

आजोबांच्या गाडीत वेगळीच गोष्ट सापडली. मागच्या सीटचे हेडरेस्ट डिकीत पडलेले होते, कारण आरशातून मागचं दिसायला अडथळा येतो. बिनपाठीच्या बूस्टरवर मूल उंच बसतं, त्यामुळे मागे डोक्याला आधार हवाच. तो निदान कानांच्या पातळीपर्यंत यायला हवा. आजोबांनी कुरकुर न करता ते परत लावले. बूस्टर त्यांच्याच गाडीत कायमचं ठेवायला दुसरं आणलं, म्हणजे ने-आण करताना विसरायला नको. रेवा गाडीत नसतानाही ते पट्ट्याने बांधून ठेवायचं हे त्यांना सांगावं लागलं. सुटं बूस्टर जोराच्या ब्रेकला हवेत उडतं.

पट्टा कसा घ्यायचा ते रेवाला स्वतःला शिकवलं. तिच्या बूस्टरमध्ये कमरेचा पट्टा बूस्टरच्या दोन्ही हातांच्या (खुर्चीला असतात तशा) खालून जायला हवा होता आणि बकलच्या बाजूला खांद्याचाही. ती तो बूस्टरच्या हातांच्या वरून घेत होती, त्यामुळे पट्टा पोटावर येत होता आणि बूस्टर असूनही त्याचा निम्मा उपयोग वाया जात होता. घरात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मुलांनी स्वतः पट्टा लावायला सुरुवात केली की मोठे बघणं थांबवतात.

आणि पाच प्रश्नांचा कागद रेवाच्या हातात दिला. दर तीन महिन्यांनी तिने स्वतः बसून बघायचं, आईने शेजारी उभं राहून खात्री करायची. कोणत्या गाडीत किती ‘हो’ हे तिने वहीत लिहायला घेतलं. ‘आई नाही म्हणते’ याच्या जागी ‘सेडानमध्ये गुडघे अजून वळत नाहीत’ असं कारण आलं, आणि माझ्या मते भांडण तिथे निवळलं.

परिणाम

साधारण सहा महिन्यांनी, रेवा १४४ सेंटीमीटर असताना, घरच्या गाडीत पाचही ‘हो’ आले. त्यात झोपेची कसोटीही आली. खिडकीकडे न कलंडता पाठ टेकून झोपायची सवय तिला आई शेजारी बसून लावत होती. तिथलं बूस्टर सुटलं. मोठ्या गाडीत त्यानंतर थोड्याच दिवसांत. आजोबांच्या सेडानमध्ये मात्र ती अकरावं लागल्यावरही बसत होती. मैत्रिणी त्या गाडीत नसल्यामुळे तिला त्याचं काही वाटत नव्हतं. धाकटा अजून पाठीच्या उंच बूस्टरवर आहे. ‘माझी पण परीक्षा घ्या’ म्हणून तो मागे लागतो आणि दर वेळी दुसऱ्या, म्हणजे गुडघ्यांच्या प्रश्नालाच अडतो.

वेगळं काय करता आलं असतं

पाठीचं बूस्टर रेवाकडून फार लवकर निघालं असं मला वाटतं. बिनपाठीचं बूस्टर तिच्या उंचीला चालतं. युरोपातल्या नव्या मान्यतांमध्ये ते १२५ सेंटीमीटरच्या पुढेच दिलं जातं आणि ती त्याच्या बरीच पुढे होती. पण झोपेत कलंडणाऱ्या मुलीला बाजूंचा आधार आणि पट्टा खांद्यावर धरणारी खाच, दोन्ही उपयोगी पडले असते. तिच्या जुन्या बूस्टरची मर्यादा १५० सेंटीमीटर होती. धाकट्यासाठी वेगळं घेऊन तिचं तिच्याकडेच ठेवलं असतं तर घरच्या गाडीतला पाचवा प्रश्न कदाचित पेच झालाच नसता. एक मूल मोठं होतंय म्हणून नव्हे, दुसऱ्याला वस्तू हवी म्हणून हा बदल झाला होता. भावंडांच्या घरात हे फार होतं.

मैत्रिणीच्या आईला फोन आधी व्हायला हवा होता. मुलगी महिनोन्महिने नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर प्रवास करत होती आणि आई-बाबांनी त्या गाडीची मागची सीट एकदाही पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या गाडीबद्दल विचारणं आगाऊपणा वाटतो, हे मला कळतं. पण मूल तिथे बसणार असेल तर कोणत्या जागी बसतं आणि तिथला पट्टा कसा आहे, हे दोन प्रश्न पहिल्याच फेरीआधी विचारावेत.

फेरीगणिक सूट नको या माझ्या आग्रहाबद्दल माझं मत आजही तेच आहे, पण तो प्रत्येक घरात चालेल असं नाही. शेजारी बसून लक्ष ठेवणारं मोठं माणूस नेहमी असतं आणि मूल गाडीत कधी झोपत नाही, अशा घरात बाबांचा प्रस्ताव मी कदाचित मान्य केला असता. रेवाच्या घरी गाडी चालवणारा बहुतेक वेळा एकटा असायचा, आणि चालवता चालवता मागे वळून पट्टा कुठे आहे हे बघता येत नाही.